फुटबॉलमधील लबाडी : शिक्षा अपुरी आहे की चुकीच्या जागी पडते?

प्रश्न : व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू धक्का लागलेला नसतानाही कोसळतात, चेहरा धरून लोळतात आणि पेनल्टी पदरात पाडून घेतात. पकडले गेले तर पिवळे कार्ड, नाही पकडले गेले तर विजय. एवढी मोठी उलाढाल असलेल्या खेळात ही शिक्षा अगदीच किरकोळ नाही का? अशा खेळाडूवर सरळ वर्षभराची बंदी घातली, तर हा प्रकार एका हंगामात थांबेल असे मला वाटते.

उत्तर : आपला संताप योग्य आहे आणि पिवळे कार्ड अपुरे आहे हेही मला मान्य आहे. नियमावलीतील बाराव्या नियमानुसार दुखापतीचे किंवा धक्का लागल्याचे सोंग करून पंचाला फसवण्याचा प्रयत्न हे खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन मानले जाते आणि त्याबद्दल पिवळे कार्ड दाखवले जाते. गोल केल्याच्या आनंदात जर्सी काढणाऱ्या खेळाडूलाही हेच कार्ड मिळते. उत्साहाच्या भरात केलेला आगाऊपणा आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोंडचा घास काढून घेणारा कांगावा या दोहोंना नियमाने एकाच मापाने मोजावे, ही गोष्ट खटकण्यासारखीच आहे.

तरीही वर्षभराची बंदी हा उपाय मला पटत नाही. सोंग घेतल्याबद्दल याहून कितीतरी कठोर शिक्षा फुटबॉलने एकदा देऊन पाहिली आहे. ३ सप्टेंबर १९८९ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि चिली यांच्यात विश्वकरंडकाच्या पात्रता फेरीचा सामना चालू होता. ब्राझील एका गोलने पुढे होता आणि चिलीला विजयाखेरीज तरणोपाय नव्हता. उत्तरार्धात प्रेक्षकांतून एक पेटती नळकांडी मैदानावर येऊन पडली आणि चिलीचा गोलरक्षक रॉबेर्तो रोहास धुरात कोसळला. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. सहकाऱ्यांनी त्याला उचलून नेले आणि चिलीच्या संघाने पुन्हा मैदानात उतरण्यास नकार दिला. ब्राझीलला स्पर्धेबाहेर काढले जाण्याची शक्यता निर्माण झाली होती; परंतु एका छायाचित्रकाराच्या चित्रांवरून नळकांडी रोहासला लागलीच नव्हती हे सिद्ध झाले. त्याने हातमोज्यात लपवून आणलेल्या पात्याने स्वतःचे कपाळ कापून घेतले होते. फिफाने सामना ब्राझीलला बहाल केला, रोहासवर आजीवन बंदी घातली आणि चिलीला १९९४ च्या विश्वकरंडकाच्या पात्रता फेरीतूनही बाद केले. रोहासला माफी मिळाली ती २००१ मध्ये.

त्यानंतर पुढच्याच वर्षी, ३ जून २००२ रोजी, विश्वकरंडकात ब्राझीलच्या रिवाल्डोने काय केले ते पाहा. तुर्कस्तानविरुद्धच्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी तो कॉर्नर किक घेण्यासाठी उभा होता. हाकान उन्सालने रागाने त्याच्याकडे मारलेला चेंडू त्याच्या पायावर आदळला आणि रिवाल्डो चेहरा दोन्ही हातांनी झाकून खाली कोसळला. उन्सालला मैदान सोडावे लागले. रिवाल्डोला आर्थिक दंड झाला, पण एकाही सामन्याची बंदी झाली नाही, आणि त्याच महिन्याअखेर ब्राझीलने करंडक जिंकला. रोहासची शिक्षा जगभर गाजलेली होती. तिचा धाक इथे कामी आला नाही, कारण खेळाडू त्या क्षणी शिक्षेचे आकडे आठवत नसतो. पंचाला दिसेल की नाही, एवढाच विचार त्याच्या मनात असतो.

शिक्षा जितकी जड, तितका ती देणाऱ्याचा हात आखडतो, हेही लक्षात घ्यायला हवे. ऑगस्ट २००९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकविरुद्ध गोलरक्षकासमोर कोसळून पेनल्टी मिळवली. यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली, पण अपिलात ती टिकली नाही, कारण पंचाला फसवण्याचा हेतू पुरेसा सिद्ध होत नव्हता. दोन सामन्यांसाठी ही गत असेल, तर वर्षभराच्या बंदीसाठी किती पुरावा मागितला जाईल? वेगाने धावणारा माणूस किंचित स्पर्शानेही पडू शकतो आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय टाळण्यासाठी स्वतःहूनही पडू शकतो. त्याच्या मनात काय होते हे चित्रफीत सांगत नाही.

याच्या उलट अनुभव गोलरक्षकांच्या बाबतीत अलीकडेच आला. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवू नये असा नियम अनेक वर्षे होता आणि तो मोडल्यास प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी क्षेत्राच्या आतच अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी लागे. एवढ्याशा वेळकाढूपणासाठी गोलपासून काही पावलांवर किक देणे पंचांना जड वाटे, म्हणून ते डोळेझाक करत आणि गोलरक्षक निर्धास्तपणे चेंडू कवटाळून बसत. २०२५ मध्ये नियम बदलला. आता मर्यादा आठ सेकंदांची आहे, शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून बोटांनी मोजतो आणि त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर किक मिळते. शिक्षा सौम्य झाली, पण ती देता येण्याजोगी झाली आणि सर्वांना डोळ्यांसमोर मोजता येऊ लागली. सोंगाच्या बाबतीत मला हीच दिशा योग्य वाटते.

दुसरा दोष शिक्षेच्या जागेचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१७-१८ च्या हंगामापासून एक तरतूद केली. सोंगामुळे पेनल्टी मिळाली असेल किंवा प्रतिस्पर्धी खेळाडू बाहेर काढला गेला असेल, तर सामन्यानंतर तिघांचे मंडळ चित्रफीत पाहणार आणि तिघांचे एकमत झाले तर फसवणाऱ्यावर दोन सामन्यांची बंदी येणार. प्रीमियर लीगमध्ये ही शिक्षा प्रथम झाली ती एव्हर्टनच्या उमर नियासला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मिळवलेल्या पेनल्टीवर एव्हर्टनने गोल केला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. नियास दोन सामने बाहेर बसला, पण तो गोल आणि तो गुण एव्हर्टनकडेच राहिला. फसवले गेले पॅलेस. नियासच्या अनुपस्थितीचा फायदा मात्र झाला एव्हर्टनच्या पुढच्या दोन प्रतिस्पर्ध्यांना, ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. बंदी दोनऐवजी वीस सामन्यांची असती, तरी पॅलेसच्या पदरात काहीच पडले नसते.

म्हणून शिक्षा त्याच सामन्यात, ज्याचे नुकसान झाले त्याच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. व्हिडिओ पंचांमुळे आता ते शक्य आहे, पण त्या सोयीचा वापर अर्धवट होतो. २०१८ च्या विश्वकरंडकात कोस्टारिकाविरुद्ध नेमारला मिळालेली पेनल्टी चित्रफीत पाहून पंचाने रद्द केली; सोंगाबद्दल पिवळे कार्ड मात्र दाखवले नाही. म्हणजे डाव साधला तर गोल, उघडकीला आला तर काहीच गेले नाही. अशा हिशेबात प्रयत्न न करणाराच मूर्ख ठरतो. चित्रफितीवरून सोंग स्पष्ट झाले तर त्या खेळाडूला दहा मिनिटे मैदानाबाहेर बसवावे, असे माझे मत आहे. युवा आणि हौशी पातळीवरील सामन्यांसाठी तात्पुरत्या हकालपट्टीची मुभा नियमावलीत आधीपासूनच आहे. दहा माणसांनिशी खेळलेली दहा मिनिटे प्रशिक्षकाला झोंबतील आणि मग सोंग घेऊ नकोस असे खेळाडूला तोच बजावील. व्हिडिओ पंच प्रामुख्याने गोल, पेनल्टी आणि लाल कार्डाचे प्रसंग तपासतात, त्यामुळे मैदानाच्या मध्यावर चालणारा लोळण्याचा प्रकार यातून सुटेल हे खरे आहे. तिथे जखमेवर उपचार घेणाऱ्याला काही काळ बाहेर थांबवण्याची पद्धत अधिक काटेकोरपणे पाळली, तरी पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न : २०१० च्या विश्वकरंडकात उरुग्वेच्या लुइस सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला आणि घानाचा हक्काचा विजय हिरावला. त्याला केवळ एका सामन्याची बंदी झाली. ही फसवणूक नव्हे काय? आणि अशा वेळी सरळ गोलच का देत नाहीत?

उत्तर : २ जुलै २०१० चा तो उपांत्यपूर्व सामना होता आणि जादा वेळेचाही शेवटचा क्षण. सुआरेझला लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी मिळाली, आसामोआ ग्यानची किक आडव्या खांबावर आदळली आणि पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ असा जिंकला. घाना जिंकला असता तर उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी देश ठरला असता. तो मान पुढे २०२२ मध्ये मोरोक्कोला मिळाला.

परंतु याला मी फसवणूक म्हणणार नाही. सुआरेझने काही लपवले नाही. पंचाने पाहिले, शिट्टी वाजवली आणि नियमात सांगितलेली शिक्षा जशीच्या तशी दिली. फसवणूक म्हणायची तर फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीची. १८ नोव्हेंबर २००९ रोजी आयर्लंडविरुद्धच्या निर्णायक पात्रता सामन्यात त्याने चेंडू हाताने दोनदा थोपवला आणि विल्यम गॅलासला गोलसाठी दिला. पंचाच्या ते लक्षात आले नाही, फ्रान्स विश्वकरंडकाला गेला आणि आयर्लंड घरी बसले. ऑन्रीने नंतर हात लागल्याचे मान्य केले आणि सामना पुन्हा खेळवणेच न्याय्य ठरेल असेही म्हटले, पण फिफाने तो पुन्हा खेळवला नाही. जानेवारी २०१० मध्ये शिस्तपालन समितीने ऑन्रीवर कारवाई करण्यास नियमांत आधार नाही असा निर्णय दिला. फिफाने आयर्लंडच्या महासंघाला ५० लाख युरो दिल्याचे २०१५ मध्ये बाहेर आले. मैदानावर झालेल्या अन्यायाची भरपाई पडद्याआड पैशांनी व्हावी, यापेक्षा वाईट न्याय मला सुचत नाही. आज व्हिडिओ पंच आहेत, त्यामुळे तो गोल निश्चितच रद्द झाला असता.

सुआरेझच्या बाबतीत दोष खेळाडूपेक्षा नियमाच्या हिशेबात आहे. निश्चित गोल अडवल्याची भरपाई अनिश्चित पेनल्टीने केली जाते आणि त्यामुळे शेवटच्या मिनिटाला हात पुढे करणे हाच फायद्याचा व्यवहार ठरतो. रग्बीमध्ये अशा वेळी पंच 'पेनल्टी ट्राय' म्हणजे थेट गुण बहाल करतात. फुटबॉलनेही ही तरतूद स्वीकारावी असे मला वाटते, अर्थात ज्या प्रसंगी चेंडू गोलमध्येच चालला होता आणि वाटेत दुसरे कोणी नव्हते हे चित्रफितीवरून निर्विवाद दिसेल, तेवढ्यापुरतीच. या तरतुदीत खेळाडूची बंदी वाढवण्याचीही गरज नाही, कारण हात लावून काही मिळणारच नसेल तर हात कोण लावणार?

प्रश्न : खेळाडूंचे सोडा, क्लब आणि त्यांचे पदाधिकारी गैरप्रकार करतात तेव्हा तर शिक्षा फारच सौम्य होतात. कधी दंड, कधी काही गुणांची वजावट. मोठ्या क्लबांना कायमचे खालच्या श्रेणीत का ढकलत नाहीत?

उत्तर : शिक्षा सौम्यच असतात असे सरसकट म्हणता येणार नाही. इटलीत २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकांवर प्रभाव टाकण्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा युव्हेंटसची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि क्लबला सेरी 'बी' या दुसऱ्या श्रेणीत नऊ गुणांच्या वजावटीसह टाकण्यात आले. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचानो मोज्जी यांच्यावरील बंदी पुढे आजीवन झाली. परंतु त्याच प्रकरणात दोषी ठरलेल्या मिलानला पुढील हंगामासाठी आठ गुणांची वजावट झाली, युरोपातील स्पर्धेत खेळण्याची मुभा मात्र राहिली, आणि मे २००७ मध्ये तो क्लब चॅम्पियन्स लीगचा विजेता ठरला. त्याआधी फ्रान्समध्येही असेच झाले. २० मे १९९३ च्या वॅलेन्सिएनविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूंना पैसे चारल्याचे सिद्ध झाल्यावर मार्सेल क्लबचे राष्ट्रीय विजेतेपद गेले, क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला, अध्यक्ष बर्नार तापी तुरुंगात गेले. परंतु त्या सामन्यानंतर सहाच दिवसांनी जिंकलेला युरोपीय करंडक आजही मार्सेलच्याच नावावर आहे. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या खेळाडूंना दुखापत करू नये आणि अंतिम सामन्यापूर्वी दमछाक होऊ नये, हाच पैसे चारण्यामागचा एक हेतू होता. जिथे शिक्षा झाली तिथे ती कडक झाली, पण लाभ झाला तिथपर्यंत ती पोहोचली नाही.

कडकपणा वाढवताना तो कोणाच्या माथी बसतो हेही पाहावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या महिला संघाच्या व्यवस्थेतील लोकांनी न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवून टेहळणी केली. फिफाने प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली, महासंघाला दोन लाख स्विस फ्रँकचा दंड केला आणि संघाचे सहा गुण कापले. ड्रोन खेळाडूंनी उडवला नव्हता. त्या मुलींनी न्यूझीलंड, फ्रान्स आणि कोलंबिया या तिघांनाही हरवले, नऊपैकी तीन गुण हाती ठेवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे जर्मनीविरुद्ध पेनल्टींवर त्या बाहेर पडल्या. १९८९ नंतर चिलीचे जे खेळाडू १९९४ च्या पात्रता फेरीला मुकले, त्यांपैकी कित्येकांचा माराकानातील त्या संध्याकाळशी संबंधही नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, असे मी एकदम म्हणत नाही. टेहळणीचा लाभ संघालाच होणार होता, त्यामुळे न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याचे तीन गुण कापणे मला न्याय्य वाटते. आणखी तीन गुण धाक बसावा म्हणून कापले गेले आणि तो बोजा निरपराधांवर पडला. त्यांऐवजी प्रशिक्षकावरील बंदी दुप्पट केली असती, तर मी तिचे समर्थन केले असते.

इथे दुसरी अडचण दिसते ती मोजमापाच्या विसंगतीची. २०१९ मध्ये इंग्लंडमधील लीड्स क्लबचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी डर्बी या प्रतिस्पर्धी क्लबच्या सरावाची टेहळणी करायला माणूस पाठवला होता. त्या वेळी सामन्यापूर्वीच्या बहात्तर तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव पाहण्यास मनाई करणारा स्पष्ट नियम नव्हता. तो या प्रकरणानंतर झाला. लीड्सला दोन लाख पौंडांचा दंड झाला, बिएल्सा यांनी तो स्वतःच्या खिशातून भरला आणि एकही गुण गेला नाही. कृत्य जवळजवळ एकच असताना एकीकडे दंड आणि दुसरीकडे सहा गुण अशी तफावत असेल, तर शिक्षा किती होणार हे गैरप्रकार करणाऱ्याला आधी कळणारच नाही. जी शिक्षा आधी कळत नाही तिचा धाकही वाटत नाही.

आपण सुचवलेली कायमची हकालपट्टी आणखी एका कारणाने टिकणार नाही. मोठे क्लब निष्णात वकिलांची फौज उभी करू शकतात. फेब्रुवारी २०२० मध्ये यूएफाने आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल मँचेस्टर सिटीवर दोन वर्षांची बंदी आणि तीन कोटी युरोचा दंड लादला. जुलैमध्ये क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि दंड एक कोटीवर आणला. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, तर काहींची मुदत उलटून गेली होती. अशा ठिकाणी शिक्षेचे कलम आणखी कडक करून उपयोग नाही. चौकशी लवकर सुरू करण्याची, कागदपत्रे ताब्यात घेण्याची आणि मुदतीची मर्यादा वाढवण्याची गरज आहे.

प्रश्न : मग कठोर शिक्षेला आपला सरसकट विरोध आहे का?

उत्तर : नाही. पैसे घेऊन निकाल ठरवणाऱ्यांसाठी आजीवन बंदीच योग्य आहे, आणि पंचांसाठी तर निश्चितच. जर्मनीतील पंच रॉबर्ट होयझर याने सट्टेवाल्यांसाठी सामने वाकवल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्याच्यावर आजीवन बंदी आली आणि न्यायालयाने त्याला दोन वर्षे पाच महिन्यांचा कारावास सुनावला. ते थंड डोक्याने, आधी बेत आखून केलेले कृत्य असते आणि त्यात शिक्षेचा विचार करायला माणसाला वेळ मिळतो, म्हणून तिथे धाक उपयोगी पडतो. धावता धावता घेतलेल्या सोंगाला ते माप लावता येणार नाही. काही वेळा तर शिक्षेची गरजच राहत नाही. १९८२ च्या विश्वकरंडकात स्पेनमधील हिहॉन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीचा १-० हा निकाल राखत उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलला आणि आदल्या दिवशीच आपले सामने संपवून बसलेला अल्जीरिया बाहेर गेला. शिक्षा कोणालाच झाली नाही. पण पुढच्या विश्वकरंडकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले आणि असा निकाल जुळवून आणणे फार अवघड झाले.

प्रश्न : लबाडी करणाऱ्याला शिक्षा हवीच, पण खरे बोलणाऱ्याला काही मिळते का?

उत्तर : फारसे नाही, आणि ही उणीव मला शिक्षेच्या अपुरेपणाहून मोठी वाटते. १९९७ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने आर्सेनलविरुद्ध आपल्याला पाडलेले नाही असे पंचाला स्वतःहून सांगितले; पंचाने ऐकले नाही आणि पेनल्टी कायम ठेवली. २०१२ मध्ये लात्सियोच्या मिरोस्लाव्ह क्लोझेने नापोलीविरुद्धचा आपला गोल हाताने झाल्याची कबुली दिली. पंचाने गोल रद्द केला आणि लात्सियो तो सामना ३-० असा हरला. सामना चालू असतानाच कबुली देणाऱ्याला कार्ड दाखवू नये असे नियमात स्पष्ट लिहिले गेले, तर ती देणाऱ्यांची संख्या थोडी तरी वाढेल.

मार्सेलचे प्रकरण बाहेर आले ते वॅलेन्सिएनच्या जाक ग्लासमान या खेळाडूने पैसे नाकारून तोंड उघडले म्हणून. त्यानंतर मैदानोमैदानी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. फिफाने १९९५ मध्ये त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला, पण पुरस्काराने माणसाची कारकीर्द सावरत नाही. गैरप्रकाराची माहिती देणाऱ्या खेळाडूला त्याच्या कराराची, पगाराची आणि दुसऱ्या क्लबात जाण्याच्या मुभेची लेखी हमी महासंघाने दिली पाहिजे. त्यासाठी लागणारा पैसा दोषी क्लबांच्या दंडातून सहज उभा राहू शकतो.